वाचून दाखवलेलं गाणं

गेल्या मार्चमध्ये आम्ही कमलमावशींना पुरलं, आणि त्यांनी मागून ठेवलेलं गाणं त्यांच्या कबरीपाशी आम्हाला गाता आलं नाही. पाळकसाहेबांनी ते वाचून दाखवलं. तेवीस वर्षं दर रविवारची गाणी निवडणारी बाई, म्हणजे मी, हातपेटीच्या सुरांवर हात ठेवून शेजारी उभी होते आणि एक माणूस गाणं वाचत होता. शाळेत धडा वाचतात तसं. तो धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच आता वाटतं.

पण आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल, एक गाणं नाही गायलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?

आमचं देऊळ मालाडला आहे. हो, आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. गोरेगावपासून बोरिवलीपर्यंतची सव्वाशे-दीडशे माणसं रविवारी सकाळी जमतात. मी गोरेगावच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. "नमस्कार, कोणता वॉर्ड हवाय?" असं म्हणत एकतीस वर्षं काढली. दिवसभर आवाज विकायचा आणि रविवारी तोच देवाला फुकट द्यायचा, असा माझा संसार. त्या आवाजाचा मला गर्व होता, हे इथेच कबूल करून टाकते. पुढे नाहीतरी ते उघडं पडणारच आहे.

बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन येतो. रविवारी पवित्र शास्त्रातला कोणता भाग वाचणार आणि उपदेश कशावर, ते सांगतात. मग मी जेवणाच्या टेबलावर गीतांचं पुस्तक आणि माझी वही घेऊन बसते. पाच गाणी काढायची. लोकांना वाटतं, पुस्तक उघडलं आणि पाच आकडे लिहिले की झालं! अहो, पहिलं गाणं असं हवं की उशिरा येणाऱ्याला दुसऱ्या कडव्यातसुद्धा शिरता आलं पाहिजे. लोकलचा मेगाब्लॉक असेल तर सात कडव्यांचं. अर्पणाचं गाणं थैली शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर पुरलं पाहिजे. उपदेशानंतरचं गाणं हळू, कारण त्या वेळी कोणी रडत असतं, कोणी नुकतं जागं झालेलं असतं. आणि शेवटचं असं की जिना उतरताना माणसाच्या ओठांवर राहावं. एकदा घेतलेलं गाणं सहा आठवडे परत घ्यायचं नाही. वहीत तारीख घालून सगळं लिहिलेलं असतं.

एवढी काटेकोर बाई, तरी माती खाल्ली नाही असं नाही. आमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली तेव्हा गाण्यांचे क्रमांक बदलले. कांदिवलीच्या एका लग्नात मी सवयीने जुना क्रमांक फळ्यावर लावला. आमच्या बाजूला जुनी पुस्तकं होती, त्यांनी आनंदाचं गाणं उचललं. नवऱ्याकडच्यांनी कौतुकाने नवी कोरी पुस्तकं आणली होती. त्यांनी त्या क्रमांकावर जे होतं ते उचललं, आणि तिथे होतं मातीला माती मिळाल्याचं गाणं. नवरी तोंडावर हात घेऊन हसत होती. तिच्या सासऱ्यांनी मला त्या दिवसापासून ओळख दाखवलेली नाही. त्या दोघांचा संसार मात्र झकास चालला आहे.

आणि मागण्या! आमच्यात आभाराची चिठ्ठी अशी एक पद्धत आहे. वाढदिवस असो, आजारातून उठणं असो, पोराला नोकरी लागणं असो, दाराजवळच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. त्यात प्रार्थनेचा विषय लिहायचा आणि आवडत्या गाण्याचा क्रमांक. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात आणि काय घ्यायचं ते मी ठरवते. एका गृहस्थांना दर रविवारी एकच गाणं हवं असायचं, कारण ते त्यांच्या वडिलांनी रचलं असं त्यांचं म्हणणं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, "कुठलंही चालेल, पण ढोल नको, सून वाजवते." मी सगळ्यांना पुरून उरले. नाही म्हणणं मला सोपं जायचं, आणि त्याला मी शिस्त म्हणत असे.

कमलमावशींची चिठ्ठी दर ऑगस्टमध्ये यायची. मावशी जालन्याकडच्या. मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या, मग मुंबईत एका दवाखान्यात आया म्हणून आयुष्य गेलं. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, सुधीर. चिठ्ठीत दरवर्षी तेच, शाईच्या पेनाने, मोठ्या अक्षरात: "दोनशे बारा. पहाटेच्या धन्या." बोर्डिंगच्या मुली सकाळी अंधारात विहिरीवर पाणी काढायला जायच्या, तेव्हा भीती वाटू नये म्हणून हे गाणं म्हणायच्या. पहिल्या दोन ओळी अगदी साध्या, बोलल्यासारख्या. तिसरी ओळ मात्र एकदम वर चढते, "उघड, उघड दार" म्हणत, आणि तिथेच त्या गाण्याचा जीव आहे.

चिठ्ठी टाकून झाली की मावशी मला दारात गाठायच्या.

"काय गं रूथ, माझं गाणं घेतेस ना?"

"मावशी, या रविवारी वचन क्षमेचं आहे. तुमचं गाणं पहाटेचं. बसत नाही विषयात."

"पहाट क्षमेला चालत नाही होय?"

"पुढच्या वेळी नक्की."

त्या हसायच्या आणि माझ्या हाताला हात लावून पुढे जायच्या. एका वर्षी मी सांगितलं, गाणं लांब आहे. एका वर्षी म्हणाले, चाल जुनी झाली, नव्या मुलांना येत नाही. हे मी खरंच तसं समजून सांगत होते. बहाणा करतेय असं मला एकदाही वाटलं नाही.

मार्चमध्ये मावशी गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, झोपेतच गेल्या. सकाळी सुधीरचा फोन आला.

"रूथताई, आईच्या शास्त्राच्या पहिल्या पानावर लिहिलेलं सापडलं. मातीच्या वेळी दोनशे बारा गावं म्हणून. जमेल ना?"

"अरे, जमेल ना म्हणजे काय? मी आहे ना!"

हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

दफनविधी मंगळवारी सकाळी अकराला होता. गायनवृंदातली बरीच मुलं कामावर. आमचा कीबोर्ड वाजवणारा नोएल इलेक्ट्रिशियन आहे, तो ठाण्याला साइटवर अडकलेला. वृंदातली पाच तरुण मुलं-मुली आली, आणि जुन्यांपैकी लीलाबाई आणि आणखी दोघी. कीबोर्ड नाही म्हणून देवळातली जुनी हातपेटी नेली होती, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली. मी भाता उघडला आणि काळी चारचा सूर धरला. काळी चार ही माझी पट्टी. पट्टी म्हणजे गाणं किती उंचीवरून सुरू करायचं ते. माझी सगळी गाणी मी तिथूनच सुरू करते, सगळ्या मंडळीला ते पाठ आहे.

सूर ऐकला आणि मला वाटलं, पेटी बिघडलीय. एवढा उंच? पण लोक उभे होते, शवपेटी कबरीच्या तोंडाशी ठेवलेली होती. मी सुरू केलं. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीला गळ्याच्या शिरा ताणल्या. तिसऱ्या ओळीला मी वर गेले आणि वर काहीच नव्हतं. आवाज फाटला, मग हवा आली, मग तीही थांबली.

मी पोरांकडे पाहिलं. ती मोबाइलवर शब्द काढून उभी होती. प्रिस्का, आमच्यातली सगळ्यात चांगल्या गळ्याची मुलगी, गोरेगावला कंपनीत नोकरी करते, ती कुजबुजली, "ताई, ही चाल आम्हाला माहीतच नाही. आम्ही कधी ऐकलंच नाही हे." लीलाबाईंकडे पाहिलं तर त्यांची मान खाली. मी थांबले की सगळ्यांनी थांबायचं, पुढे कोणी पळायचं नाही, ही शिस्त मीच लावलेली होती. सगळे थांबले. कबरीवर कावळे ओरडत होते तेवढाच आवाज. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वीच आलेत. ते पुढे झाले, पेटीवरचं माझं पुस्तक हळूच उचललं आणि उरलेलं गाणं वाचलं. "उघड, उघड दार." अशा आवाजात, की जणू कोणी सोसायटीची नोटीस वाचतंय. त्यांचा काही दोष नाही.

माती झाल्यावर सुधीर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "राहू द्या ताई. वाचलं तरी पोचतं." त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले. जेवले नाही. दुपारी कपाटावरच्या सगळ्या वह्या खाली काढल्या. मला फक्त एवढंच बघायचं होतं की दोनशे बारा शेवटचं कधी गायलं. मागे मागे जात राहिले. या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी नाही. बारा वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये सापडलं. बारा वर्षं! मी डोळे चोळून परत पाहिलं. मग मनात एक भलताच संशय आला. पुस्तक उघडलं, आणि पूर्वी आम्ही गायचो ती सगळी गाणी एकेक वहीत शोधायला लागले. पुनरुत्थानाच्या सणाचं ते मोठं गाणं सात वर्षांपूर्वी बंद झालेलं. नाताळचं एक, नऊ वर्षं नाही. पेन्सिलीने खुणा करत गेले. बंद पडलेली छत्तीस गाणी निघाली. छत्तीसच्या छत्तीस उंच सुरांची. एकही खालच्या सुरातलं नाही!

मी कोणाला फसवलं नव्हतं. तेच तर भयंकर. दर बुधवारी मी प्रार्थना करून, चष्मा लावून, प्रामाणिकपणे गाणी निवडत होते, आणि माझा गळा मला न विचारता त्यातली त्याला न झेपणारी गाणी बाजूला काढत होता. मग माझं डोकं त्याला कारणं पुरवत होतं. विषयात बसत नाही, लांब आहे, जुनं आहे. बारा वर्षांत देवळात जी पोरं मोठी झाली, त्यांना ती छत्तीस गाणी माहीतच नाहीत. दीडशे माणसांची गाणी मी माझ्या एकटीच्या गळ्याच्या मापाने कापली होती. शिंप्याने असं केलं तर लोक दुकान बंद करतील त्याचं.

नोएलला फोन लावला. म्हटलं, "नोएल, खरं सांग. ती जुनी पेटी चढली आहे का रे? काळी चार मला उंच लागली."

"ताई, पेटी बरोबर आहे."

"मग?"

"तुम्ही काळी चार सांगता. मी कीबोर्डवर बटण दाबून खाली घेतो. आधी काळी तीन घ्यायचो. दोन नाताळ झाले, आता त्याहून खाली, पांढरी तीन."

"किती वर्षं?"

"असतील सहा-सात."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? एवढी मी परकी?"

"परकी कुठे ताई! पण तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही ऐकून घेता का कोणाचं? माझी वाट लागली असती ना!"

मी फोन ठेवला. राग कोणावर ते ठरत नव्हतं. हॉस्पिटलात एकतीस वर्षं फोनवर दुसऱ्यांच्या आवाजावरून मी ओळखायचे, कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय. स्वतःचा आवाज दोन-चार पट्ट्या खाली घसरला तरी मला पत्ता नाही!

शनिवारी सुधीरच्या घरी गेले. त्याला हे सांगितल्याशिवाय देवळात पाऊल टाकणं शक्यच नव्हतं. त्याची बायको चहा ठेवायला उठली. मी म्हटलं, "नको, आधी ऐका." आणि सगळं सांगितलं, वह्यांसकट. आईचं गाणं विषयात बसत नव्हतं असं काही नव्हतं, मला ते झेपत नव्हतं आणि ते मला स्वतःलाही कळलं नाही, असं म्हटलं. माफी मागितली. सुधीर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

"ताई, आईला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"हेच. मी तिला एकदा वैतागून म्हटलं, आई, कशाला दरवर्षी चिठ्ठी टाकतेस, त्या घेणार नाहीत. तर म्हणाली, रूथचा आवाज आता तिथवर जात नाही रे, तिला तोंडावर कसं सांगू? चिठ्ठी टाकत राहीन. एखाद्या वर्षी ती ते दुसऱ्या कोणाला गायला देईल."

चहा आला. मी तो प्यायले की नाही ते आठवत नाही. दुसऱ्या कोणाला गायला देणं! तेवीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाणं निवडायचं म्हणजे मीच गायचं, हे दोन्ही मी एकच धरून चालले होते. मावशी बारा वर्षं मला दार दाखवत होत्या, आणि मी त्यांना विषय समजावत होते.

त्याच संध्याकाळी देवळात सराव होता. मी पाळकसाहेबांना सांगितलं, उद्याच्या यादीतलं पहिलं गाणं बदललंय. त्यांनी विचारलं, वचनाशी जुळतं का? म्हटलं, नाही जुळत. प्रिस्काला पेटीपाशी बसवलं आणि दोनशे बाराची चाल तिला बोटांनी वाजवून शिकवली, कारण गळ्याने शिकवणं मला शक्य नव्हतं. नोएलला म्हटलं, "काळी चार. आणि बटणाला हात लावलास तर बघ." तो हसला नाही. प्रिस्काने तिसरी ओळ पहिल्यांदा घेतली तेव्हा मी पेटीचा भाता चालवायला विसरले. पोरीला ती ओळ अवघडसुद्धा गेली नाही. सुखाने वर गेली, जिना चढावा तशी.

रविवारी मी माइकवर उभी राहिले. म्हटलं, "हे गाणं बारा वर्षं माझ्यामुळे या देवळात गायलं गेलं नाही. अशी आणखी पस्तीस आहेत. कमलमावशींची मी अपराधी आहे. आज हे प्रिस्का गाईल, मी खाली बसते." माझ्या आवाजाची फजिती लोकांसमोर सांगताना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट त्यानंतर वाटायचं होतं.

मी दुसऱ्या बाकावर लीलाबाईंशेजारी बसले. प्रिस्काने सुरुवात केली. तिसरी ओळ आली, तिने सूर वर नेला, आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या कानाशी दुसरा आवाज चढला. लीलाबाईंचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा, थोडा थरथरता, पण बरोबर त्या सुरावर. मागच्या बाकांवरून, कबरीपाशी आलेल्या त्या दुसऱ्या दोघींचाही. पुस्तक न बघता, सगळी कडवी, एक शब्द न चुकता.

उपासना संपल्यावर मी लीलाबाईंना जिन्यातच धरलं.

"लीलाबाई, तुम्हाला तर सगळं येतं! मग त्या दिवशी कबरीपाशी का नाही गायलात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय.

"तू थांबलीस ना गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वरून कसं गाणार आम्ही?"

मावशींना मातीत ठेवलं त्या वेळी तीन बायकांच्या गळ्यात ते गाणं तयार होतं, आणि माझा मान राखायला त्या तिघींनी ते गिळलं.